लांब पल्ल्याची शर्यत आणि तिचा प्रेक्षक

शर्यतींचा इतिहास लिहिणारे जिंकणाऱ्यांची नावे लिहितात, वाहनांची वर्णने देतात, मिनिटांचा व मैलांचा हिशेब मांडतात. परंतु रस्त्याच्या कडेला जो उभा असतो त्याच्याविषयी ते सहसा दोन ओळींपलीकडे जात नाहीत. इतर क्रीडांच्या बाबतीत ही उपेक्षा एक वेळ क्षम्य मानता येईल. लांब पल्ल्याच्या मोटारशर्यतींच्या बाबतीत मात्र ती तशी मानता येत नाही. कारण या शर्यतींचा प्रेक्षक हा मोठा विलक्षण मनुष्य आहे. तो जे पाहावयास जातो ते त्याला कधीच पुरते दिसत नाही. आणि ज्या जागी उभा राहून तो त्याचा अंशमात्र पाहतो, नेमक्या त्याच जागी त्याच्या जिवास धोका असतो. या दोन गोष्टींनी त्याचा इतिहास घडविला आहे. तो थोडक्यात वाचकांपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

हा विषय आमच्या मनात घोळू लागला तो मोहर्ली येथे. ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या वेशीवरील या गावी आम्ही चौघे स्नेही हिवाळ्यात काही दिवस राहिलो होतो. दिवसा अरण्य पाहावे व रात्री शेकोटीपाशी गोष्टी कराव्यात असा क्रम होता. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत शर्यत म्हटली की प्रथम शंकरपट आठवतो, आणि आमचे बोलणे त्यावरच चालले होते. पिके निघून शेते मोकळी झाली की गावोगाव पट भरतात. बैलांच्या दोन जोड्या शेजारी शेजारी सुटतात, आणि धुरकऱ्याची आरोळी विरते न विरते तोच निकाल लागलेला असतो. बांधावर बसलेल्या वृद्धास आरंभ दिसतो, मध्य दिसतो आणि अंतही दिसतो. कोणती जोडी कोठे फाकली, कोणती कोठे ढिली पडली, हे तो घरी जाऊन सांगू शकतो. आणि रात्री त्याच गावी झाडीपट्टीचे नाटक असले तर तेही तो पहाटेपर्यंत अथपासून इतिपर्यंत पाहतो. पटाचा प्रेक्षक हा या अर्थाने तृप्त प्रेक्षक होय.

मोहर्लीच्या अरण्यात जाणाऱ्यास याच्या अगदी उलट शिक्षण मिळते. पहाटेच्या थंडीत दाराशी गाड्यांची रांग लागते; मग धुळीच्या वाटेवरून तासन् तास हिंडावे, वाटाड्याने दाखविलेला पंजाचा ठसा पाहावा, वानराचा व चितळाचा इशारा कान देऊन ऐकावा, आणि नशिबात असेल तर बांबूच्या बेटातून एक पट्टेरी अंग क्षणभर सरकताना दिसावे. पुष्कळांना तेवढेही दिसत नाही. तरी परतलेला मनुष्य वाघाची हकीकत सांगतोच. ठसा, हाक व हललेले गवत यांवरून त्याने ती मनात जुळविलेली असते. आमच्या मंडळींपैकी एक गृहस्थ नाशिककडचे. ते म्हणाले, ‘‘लहानपणी आम्ही पाच-सहा मुले आग्रा रस्त्यावर परदेशी मोटारींची शर्यत पाहावयास गेलो होतो, ती अगदी अशीच पाहिली. वाट पाहण्यात दिवस गेला, आणि गाडी आली ती गेली.’’ ती शर्यत म्हणजे १९६८ सालची लंडन-सिडनी मॅरॅथॉन. तिच्याकडे आपण पुढे वळूच. परंतु तिचा अर्थ कळण्यास थोडे मागे जावयास हवे.

मोटारगाडी जन्मास आली तेव्हा ती किती वेगाने धावते यापेक्षा ती ठरल्या ठिकाणी पोहोचते की नाही, हाच खरा प्रश्न होता. म्हणून आरंभीच्या शर्यती एका शहरापासून दुसऱ्या शहरापर्यंत, उघड्या राजरस्त्यांवरून होत. फ्रान्स हे त्यांचे माहेरघर. १९०३ च्या मे महिन्यात पॅरिस-माद्रिद ही शर्यत योजली गेली. व्हर्साय येथून पहाटे गाड्या सुटल्या, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंस लोकांची अलोट गर्दी होती. डांबर नसलेल्या त्या रस्त्यांवर पुढच्या गाडीने उडविलेल्या धुळीत मागच्या हाकणाऱ्यास वाट दिसेना. आणि गाडी जवळ आली की लोक बाजूस होण्याऐवजी ती दिसावी म्हणून पुढे सरकत. गाड्यांचा वेग त्या काळीही ताशी शंभर किलोमीटरांच्या पलीकडे गेला होता. दिवस मावळण्यापूर्वी अपघातांची मालिका लागली. हाकणाऱ्यांत मार्सेल रेनो हा नामांकित कारखानदार प्राणास मुकला, आणि पाहणाऱ्यांतही कित्येक दगावले. फ्रेंच सरकारने बोर्दो येथेच शर्यत थांबविली. यंत्रे चालू करण्याचीही मनाई झाल्यामुळे त्या मोटारी घोडे जुंपून स्टेशनावर ओढून नेण्यात आल्या आणि आगगाडीने परत पाठविण्यात आल्या. ज्या वाहनाने घोड्यास निवृत्त करावयाचे, त्यालाच घोड्याने ओढून न्यावे, असा हा विचित्र योग होता.

आपल्याकडे मोटारीची पहिली मोठी परीक्षा झाली ती याच सुमारास. १९०४ च्या अखेरीस व १९०५ च्या आरंभी दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींची कसोटी घेण्यात आली. ‘शर्यत’ न म्हणता ‘कसोटी’ म्हणण्यात मर्म होते. येथे पुढे जाण्यास बक्षीस नव्हते; न बिघडता, न अडता, नेमलेल्या मजला गाठीत जाण्यास होते. परदेशी कारखानदारांस हिंदुस्थानात आपला माल खपवावयाचा होता, आणि त्यासाठी येथील ऊन, धूळ, नदीचे उतार व बैलगाडीच्या चाकोऱ्या यांना आपली गाडी पुरून उरते, हे त्यांना संस्थानिकांच्या डोळ्यांसमोर सिद्ध करावयाचे होते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने याहून जवळची गोष्ट १९०८ सालची आहे. त्या वर्षी मुंबई-कोल्हापूर कसोटी झाली. कोल्हापुरास तेव्हा शाहू महाराजांची कारकीर्द चालू होती. कसोटीची एकंदर मजल ६२० मैलांची असून तीत सहा मोठे घाट ओलांडावयाचे होते. मुंबई-कोल्हापूर मार्गावरील बोरघाट, कात्रज, खंबाटकी ही नावे आज मोटारीच्या खिडकीतून सहज वाचली जातात; परंतु त्या काळच्या इंजिनास त्यांची चढण म्हणजे पाणी उकळविणारी व ब्रेकांचा कस पाहणारी होती. रोल्स-रॉइस कंपनीची एक गाडी या कसोटीत कोठेही नाइलाजाने न थांबता पार पडली आणि पहिल्या बक्षिसास पात्र झाली. तिचे नावच ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, म्हणजे पूर्वेचा मोती, असे होते. पुढे ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विकत घेतली. संस्थानी दरबारांत रोल्स-रॉइसचा जो बोलबाला पुढे झाला, त्याचे एक मूळ आपल्या सह्याद्रीच्या घाटांत आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

या कसोटीत प्रेक्षकाने काय पाहिले असेल? घाटाच्या वळणावर उभ्या असलेल्या गुराख्यास ६२० मैलांपैकी फार तर एखादा फर्लांग दिसला असेल. गाडी जिंकली की हरली हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. त्याने पाहिले ते इतकेच, की बैलावाचून एक गाडी घाट चढून गेली. पण तेवढ्याने त्याचे जग बदलले. दीर्घ कसोटीचा खरा निकाल परीक्षकांच्या वहीत लागतो तसा तो रस्त्याच्या कडेच्या मनांतही लागतो. फरक इतकाच, की वही जपून ठेवली जाते आणि मने विसरली जातात.

युरोपात पॅरिस-माद्रिदच्या अनर्थानंतर शर्यती हळूहळू बंदिस्त वर्तुळाकार मार्गांवर आल्या. त्यांत जगप्रसिद्ध झाली ती फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत. तिचा आरंभ २६ मे १९२३ रोजी झाला. कल्पना साधी होती. अंतर नेमून वेळ मोजण्याऐवजी वेळ नेमून अंतर मोजावे. एका अहोरात्रात जी गाडी अधिक दूर जाईल ती पहिली. त्यामुळे केवळ वेग कामाचा नव्हता. रात्रीचे दिवे, पाऊस, टायर, इंधन आणि झोप या सर्वांशी झगडावयाचे होते. पहिल्या वर्षी ३३ गाड्या निघाल्या आणि त्यांतल्या ३० शेवटपर्यंत टिकल्या. सर्वांत पुढे असलेल्या शेनार-वॉकर गाडीने सुमारे २२०९ किलोमीटर अंतर तोडले, म्हणजे ताशी सरासरी ९२ किलोमीटर. २०१० साली तेथे ५४१० किलोमीटरांचा विक्रम झाला, म्हणजे ताशी सुमारे २२५ किलोमीटर. काश्मीरहून कन्याकुमारीस जाऊन, परतीची वाटही बरीचशी एका दिवसात आक्रमावी असा हा प्रकार होय.

ल मान्सचा मार्ग वर्तुळाकार असल्यामुळे तेथील प्रेक्षकाची स्थिती घाटातील गुराख्याहून बरी झाली. तीच गाडी त्याच्यासमोर पुनःपुन्हा येते. परंतु ती त्याला संपूर्ण दिसते असे मात्र नव्हे. एका फेरीचे अंतर आज सुमारे साडेतेरा किलोमीटर आहे. त्यातला एक तुकडा त्याच्या वाट्यास येतो. फेऱ्या मोजता मोजता कोण पुढे व कोण मागे हा हिशेब हुकतो. मग फलकाकडे पाहावे, शेजाऱ्यास विचारावे, ध्वनिक्षेपकाकडे कान द्यावा. म्हणूनच अशा शर्यतीस एकट्याने जाण्यात अर्थ नसतो. चार मित्र असले म्हणजे एक जागतो व एक झोपतो. एक वळणावर उभा राहतो व एक खाण्याचे आणावयास जातो. आणि सकाळी चौघांनी पाहिलेले चार तुकडे जोडून एक शर्यत तयार होते. हाकणारे जसे आळीपाळीने गाडी हाकतात तसे पाहणारेही आळीपाळीने पाहतात.

पण पाहण्याच्या या सुखामागे जे संकट दडलेले होते ते ११ जून १९५५ रोजी उघडे पडले. त्या सायंकाळी माइक हॉथॉर्नची जॅग्वार थांब्याकडे वळण्यासाठी मंदावली. तिला चुकविण्यासाठी मागची ऑस्टिन-हीली बाजूस झाली. आणि तिच्यावर पिएर लव्हेग याची मर्सिडीज भरधाव येऊन आदळली. ती उडून प्रेक्षकांच्या बाजूच्या मातीच्या बांधावर आपटली, तिचे तुकडे झाले, आणि तिचे जड भाग दाटीवाटीने उभ्या असलेल्या लोकांत घुसले. लव्हेग ठार झाला. त्याच्याबरोबर ऐंशीहून अधिक प्रेक्षक प्राणास मुकले. दोष कोणाचा, यावर पुष्कळ वाद झाला. परंतु चौकशीत कोणाही हाकणाऱ्यावर ठपका ठेवण्यात आला नाही. खरे कारण असे, की थांब्यांसमोरील तो रस्ता जुन्या काळच्या वेगास पुरणारा होता. गाड्या वाढल्या, वेग दुपटी-तिपटीने वाढला, पण प्रेक्षक व रस्ता यांच्यामधील मातीचा बांध होता तेवढाच राहिला. यंत्राची सुधारणा करण्यास जितकी बुद्धी खर्च झाली तिचा शतांशही पाहणाऱ्याच्या रक्षणासाठी झाला नव्हता.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट अशी, की त्या दिवशी शर्यत थांबविण्यात आली नाही. लोक एकदम घरी निघाले तर रस्ते तुंबतील आणि जखमींना नेणाऱ्या गाड्या अडतील, असे कारण चालकांनी दिले. हे कारण ऐकून प्रथम संताप येतो. पण लक्षावधींच्या गर्दीचा विचार केला म्हणजे ते अगदीच पोकळ होते असे म्हणवत नाही. मर्सिडीजच्या मंडळींनी मध्यरात्रीनंतर आपल्या उरलेल्या गाड्या काढून घेतल्या. हॉथॉर्न व आयव्हर ब्यूब यांची जॅग्वार पहिली आली. एका बाजूस प्रेते मोजली जात असता दुसऱ्या बाजूस फेऱ्या मोजल्या जात होत्या, ही घटना मोटारशर्यतींच्या इतिहासातून कधी पुसली जाणार नाही. त्यानंतर ल मान्सचा तो भाग नव्याने बांधण्यात आला, आणि स्वित्झर्लंडने तर आपल्या देशात अशा शर्यतींवर बंदीच घातली. दोन वर्षांनी, १२ मे १९५७ रोजी, इटलीतील मिल्ले मिल्या या हजार मैलांच्या शर्यतीत देपोर्तागो याची फेरारी टायर फुटून लोकांत घुसली. तो व त्याचा सोबती यांच्याखेरीज नऊ प्रेक्षक मेले. त्यांत पाच मुले होती. उघड्या रस्त्यावरील ती प्रसिद्ध शर्यत तेथेच संपली.

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवून आता १९६८ कडे वळू. इंग्लंडात तेव्हा पौंडाचे अवमूल्यन झाले होते व लोकांची मने खचली होती. त्यांना हुरूप यावा म्हणून ‘डेली एक्सप्रेस’ या वृत्तपत्राने लंडन ते सिडनी अशी सुमारे दहा हजार मैलांची शर्यत योजली. २४ नोव्हेंबर रोजी ९८ गाड्या लंडनहून निघाल्या. पॅरिस, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल असे टप्पे घेत त्या दिल्लीस आल्या. ठाण्यावर जितकी मिनिटे उशीर, तितके गुण वजा, असा नियम होता. दिल्लीहून मुंबईस त्या एका अहोरात्रात पोहोचावयाच्या होत्या. ज्या मजलेसाठी १९०५ मध्ये कित्येक दिवस लागले होते, ती एका सूर्योदयापासून दुसऱ्याच्या आत आटोपावयाची होती. मुंबईस ७२ गाड्या पोहोचल्या. तेथून ‘चुसान’ नावाच्या आगबोटीने त्यांना ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर नेण्यात आले.

आपल्याकडे मोटार म्हणजे अँबॅसिडर, फियाट किंवा स्टँडर्ड, एवढीच त्या काळी सामान्य माणसाची ओळख. आणि त्यांपैकी एखादी मिळण्यासही वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशा देशातून पोर्शे, सित्रोएन, मर्सिडीज, व्होल्व्हो, अमेरिकन नमुन्याच्या फोर्ड व रशियन मॉस्कविच अशी अवघ्या जगाची यंत्रसंपत्ती एका रात्री-दिवसात निघून गेली. ती पाहावयास लोक लोटले यात नवल नाही. शहरांतून व गावांतून गर्दी इतकी, की माणसांच्या दोन भिंतींमधून गाडीपुरती वाट उरे, आणि हाकणाऱ्यांस त्या वाटेचेच अधिक भय वाटे. आमच्या नाशिककर स्नेह्याच्या आठवणीत गाड्यांची नावे नाहीत. त्याला आठवतात ते दुरून दिसलेले दिवे, पाठीवर पडलेली वडीलधाऱ्यांची थाप, आणि ‘‘मागे सरा, मागे सरा’’ असे ओरडणारा एक पोलीस. त्या पोलिसाचे नाव कोणत्याही इतिहासात नाही. परंतु पॅरिस-माद्रिदच्या रस्त्यावर जे घडले ते आग्रा रस्त्यावर त्या मुलांच्या वाट्यास आले नाही, याचे श्रेय अशाच अनामिकांकडे जाते.

या शर्यतीचा शेवटही बोधप्रद आहे. १७ डिसेंबर रोजी सिडनी जवळ आले असता ल्यूसियाँ बियांकी याची सित्रोएन सर्वांत पुढे होती. विजय हाती आल्यासारखाच होता. नौरा गावाजवळ शर्यतीशी काही संबंध नसलेली एक लहान गाडी समोरून येऊन तिच्यावर आदळली आणि बियांकी जबर जखमी झाला. मागून आलेला पॅडी हॉपकर्क स्वतः वरच्या क्रमांकासाठी झगडत होता. तरी तो थांबला व जखमींच्या साहाय्यास धावला. अखेर अँड्र्यू कॉवनची हिलमन हंटर पहिली आली, हॉपकर्क दुसरा. ५६ गाड्या शेवटास पोहोचल्या. कॉवनची गाडी सर्वांत वेगवान नव्हती. ती फक्त सर्वांत कमी वेळा अडली. म्हणजे १९०८ च्या घाटात जो नियम खरा ठरला तोच साठ वर्षांनी अर्ध्या पृथ्वीवर खरा ठरला.

या सर्व इतिहासाचे तात्पर्य काय? आमच्या मते असे, की दीर्घ शर्यत भरविणाऱ्याने प्रेक्षकास दोन वचने देण्याचा प्रश्न येतो. तुला सर्व दिसेल, हे पहिले वचन कोणासही देता येत नाही. त्या अपुरेपणातच या शर्यतीची गोडी आहे. तू सुखरूप घरी जाशील, हे दुसरे वचन मात्र देता येते, आणि ज्याला ते देता येत नाही त्याने शर्यत भरवू नये. १९०३, १९५५ व १९५७ ही तीनही वर्षे हेच सांगतात, आणि तीनही वेळा ते आधी कळावयास हवे होते ते नंतर कळले.

प्रेक्षकाचेही एक कर्तव्य उरते. मोहर्लीच्या अरण्यात ठरलेली वाट सोडावयाची नसते व गाडीतून उतरावयाचे नसते. हा नियम वाघासाठी जितका, तितकाच माणसासाठी आहे, आणि वाघ दूर असला म्हणून तो मोडण्याचा मोह आवरण्यातच पाहणाऱ्याची खरी परीक्षा आहे. आपल्या शंकरपटांवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली ती धावणाऱ्या मुक्या जिवांच्या हालांसाठी. २०१७ साली राज्याने कायदा बदलला, २०२१ च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळाली, आणि २०२३ साली न्यायालयाने तो कायदा मान्य केला. पट पुन्हा भरू लागले याचा झाडीपट्टीस आनंद आहे, आणि तो रास्त आहे. परंतु धावणारा, ज्याला धावविले जाते तो, आणि पाहणारा, या तिघांपैकी एकाचाही जीव स्वस्त मानला की खेळाचा अनर्थ होतो. अटी कागदावर राहिल्या तर त्या मातीच्या जुन्या बांधासारख्याच कुचकामी ठरतील. पटाच्या बांधावर बसणाऱ्या गावकऱ्यांनीच त्या पाळून घेतल्या, तर मात्र कोणा न्यायालयास पुन्हा त्यांच्या आनंदात हात घालण्याचे कारण पडणार नाही.